चाळीस टक्के सुहास

सुहास, त्या दुपारी हॉस्पिटलमध्ये मी तुला म्हणालो, "घाईत राहून गेलं." ते राहून गेलं नव्हतं. मला माहीत होतं. हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. अनुजालाही नाही, आणि इथे जपानात आमच्या हिगाशी-कसाईच्या दोन खोल्यांमध्ये बायकोपासून काही लपवायला फारशी जागा नाही हे तू जाणतोस.

तू इरासाठी फिल्म करत होतास. एप्रिलमध्ये तुझी लेक चुगाक्कोत जाईल, सातवीची नवी शाळा, नवा गणवेश, तेव्हा तिच्या हातात द्यायची म्हणून. बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ठेवून, फोन समोर उभा करून तू तिच्याशी मराठीत बोललास आणि त्या सगळ्या क्लिप जोडायला माझ्याकडे दिल्यास. त्यातला एकच तुकडा तू पुढे पाहिलास. त्यात तुझा चेहरा अंधुक होता, दिवा मंद करत आणलेल्या खोलीत बसल्यासारखा. तो तसा का होता, ते आता सांगतो. आता तुला सांगून काही उपयोग नाही, म्हणूनच बहुधा सांगता येतंय. "मिलिंदला खरं बोलायला आधी समोरचा माणूस निघून जावा लागतो," असं तूच एकदा आमच्या घरी जेवताना म्हणाला होतास. सगळे हसले होते. मीही.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर जोगळेकर काकू लिहिणार आहेत. जन्म, शिक्षण, पुण्यातली नोकरी, मग इथली, ते सगळं त्या नीट लिहितील. मला त्यांनी म्हटलं, "तू त्याच्या जवळचा, तूही दोन शब्द दे." मी बरं म्हणालो. माझं बहुतेक सगळं 'बरं'मध्येच जातं.

हे एडिटिंगचं खूळ तूच माझ्या गळ्यात घातलंस. आपला गणपती ओजिमातल्या हॉलमध्ये बसायचा, आणि संध्याकाळी फरशी पुसून, कचरा वेगळा करून हॉल परत द्यायचा असायचा, म्हणून विसर्जनसुद्धा घड्याळाकडे बघत, निळ्या प्लॅस्टिकच्या टबात. आरतीच्या आधी मागच्या वर्षीची फिल्म दाखवायची अशी पद्धत तू सुरू केलीस. मी नवा होतो, कोपऱ्यात खुर्च्या लावत होतो. तू आलास आणि म्हणालास, "तुम्ही फार बोलत नाही वाटतं." मी म्हटलं, नाही. "मग एडिटिंग करा. एडिटरला बोलावं लागत नाही." आठवड्याभरात आपण 'तू'वर आलो.

तुझ्या जेवणाच्या टेबलावर तू मला पहिल्यांदा ती रेघ दाखवलीस. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्लिपवर एक बारीक आडवी रेघ असते, ओपॅसिटीची. ती वर असली की चित्र शंभर टक्के, भरीव. खाली ओढत न्यावी तसं चित्र विरळ होतं, खालच्या थरात जे असेल ते त्याच्यातून दिसायला लागतं. खाली काहीच नसेल तर काळोख दिसतो. पार तळाला नेली की माणूस टाइमलाइनवर असतो आणि पडद्यावर नसतो. आणि फेड करायचा असेल तर रेघेवर दोन ठिपके टाकायचे, दुसराच तेवढा खाली ओढायचा, म्हणजे मधे उतार पडतो आणि माणूस हळूहळू मावळतो.

"ठिपके आधी," तू म्हणालास. "ठिपके न टाकता रेघ ओढलीस तर अख्खी क्लिप खाली येईल."

पहिल्याच वर्षी मी ठिपके न टाकता रेघ ओढली. जोगळेकर काकूंचं अध्यक्षीय भाषण, खालच्या थरात गणपतीची मूर्ती. मला शेवटी एक छानसा फेड हवा होता. भर हॉलमध्ये पडद्यावर काकू पारदर्शक झाल्या, सोंडेच्या आरपार, आणि तशाच सहा मिनिटं सगळ्यांना वर्गणी वेळेवर भरण्याविषयी सांगत राहिल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्षा वरून मार्गदर्शन करताहेत." काकू पहिल्या रांगेतून उठल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी अजून आहे रे, मेल्या." तू इतका हसलास की तुला बाहेर जावं लागलं. पुढे कितीतरी वर्षं कोणी काही चुकवलं की आपण ते वाक्य म्हणायचो, काकूंच्या सुरात.

आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं. मला फेड आवडायचे. प्रत्येक माणूस मला मावळवावासा वाटायचा, प्रत्येक गाणं विरत न्यावंसं वाटायचं. तू म्हणायचास, "फेड म्हणजे कुठे थांबायचं ते एडिटरला ठरवता आलं नाही." मी म्हणायचो, आठवण तशीच असते, अशीच विरत जाते. तू म्हणायचास, "आठवण विरते, ती बघणाऱ्याकडे. माणूस विरत नाही. माणूस उठतो, चप्पल घालतो, दार लावून घेतो. कट." विसर्जनाला तेवढा फेड तुला मान्य होता. टबातली शाडूची मूर्ती पाण्यात बसत जाते, तिला घाई नसते. "तिथे घाल हवा तेवढा. माणसांना नको."

आणि मग माझी आई गेली.

मी वेळेवर पोचलो नाही, हे तुला माहीत होतं. तोयोसुच्या क्लायंटकडे सिस्टिम चालू करायचा दिवस होता आणि मी 'उद्या निघतो' म्हणालो होतो. पुण्यात पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. इथे घरच्या कॉम्प्युटरवरून अनुजाने तुला आईबरोबरच्या व्हिडिओ कॉलचे जमतील तेवढे तुकडे पाठवले. मी मागितलं नव्हतं. तू ऑफिसला रजा टाकलीस, दिवसभर बसलास, आणि तेराव्याच्या आधी ती फिल्म माझ्या फोनवर आली. आई लसूण सोलताना, आई माझ्यावर वैतागून, आई फोन उलटा धरून, नुसतं छत. शेवटी आई म्हणते, "बरं, ठेवते रे." आणि संपतं. सरळ कट.

मी तुला आभाराचा एक शब्द न लिहिता काय लिहिलं, आठवतं? "शेवटी फेड घालायला हवा होतास."

तू फोन केलास. रागावला नव्हतास. म्हणालास, "तुझ्या आई म्हणाल्या ठेवते, आणि त्यांनी ठेवला. मी कशाला मध्ये पडू?"

मी विषय बदलला. पण तेराव्याला घरात सगळ्यांनी ती पाहिली तेव्हा त्या कटनंतर माझी बहीण आपोआप म्हणाली, "ठेव." जशी ती रोज फोनवर म्हणायची तशी. आणि मग रडायला लागली, त्या दिवसांत पहिल्यांदा. हे मी तुला परत आल्यावर सांगायला हवं होतं. खूप वेळा तोंडाशी आलं. तुझ्या दारात आलो की तू आधी बाटलीचं झाकण वेगळं केलंय का विचारायचास, आणि विषय कचऱ्यावर जायचा.

तुझं दुखणं कळलं तेव्हा तू मला स्टेशनजवळच्या कोनबिनीच्या, त्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या बाहेर, कॉफीचा कप हातात देऊन सांगितलंस. डॉक्टर काय म्हणाले ते दोन वाक्यांत, आणि लगेच पुढे: "मला इराला एक फिल्म द्यायची आहे. जोडून तू दे. मी स्वतःला एडिट करायला बसलो तर सगळंच कापीन."

मी म्हटलं, बरं.

"आणि ऐक. शेवटी मला फेड करायचं नाही. भूत दिसेन. पोरगी घाबरेल."

"बघू," मी म्हणालो.

"बघू नाही, मिलिंद-सान." चिडवायचं असलं की तू ते जपानी आदराचं 'सान' लावायचास.

क्लिप यायला लागल्या. आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दर सोमवारी शिन्चोकु द्यावा लागतो, कामाची प्रगती. इतकी वर्षं इथे काढून मी एक कला कमावली आहे, हात न लावलेल्या कामाची प्रगती सांगायची. आधी तीस टक्के म्हणायचं. मग पंचावन्न, म्हणजे मोजून काढल्यासारखं वाटतं. मग ऐंशीवर जाऊन बसायचं. ऐंशीला कोणी काही विचारत नाही. तू फोनवर विचारायचास, आणि मी तुला तेच आकडे द्यायचो, त्याच आवाजात. एकदा तू म्हणालास, "ऐंशी? क्लायंटचे ऐंशी की आपले ऐंशी?"

"आपले," मी म्हणालो.

तेव्हा मी फोल्डर उघडलेलंही नव्हतं.

कारण काही मोठं नव्हतं. मला बघवत नव्हतं. माणसं म्हणतात, मला त्याला तसं बघवत नव्हतं, आणि ते वाक्य किती सोज्वळ वाटतं. त्याचा अर्थ एवढाच असतो की त्याचं जे होईल ते होवो, माझे डोळे वाचू देत. मी तुला भेटायलाही कमी यायला लागलो, सांगताना काम सांगितलं, आणि मीनल म्हणाली, "अहो, कळतं आम्हाला, कामं असतात." तुझी बायको मला कधी 'अरे' म्हणाली नाही, त्या दिवशी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, एखादी शिवी तरी पाठोपाठ आली असती.

शेवटी एका रविवारी सकाळी बसलो. पहिली क्लिप टाइमलाइनवर टाकली. तू पडद्यावर आलास, अंगात तो जुना राखाडी स्वेटर, त्याच्या गळ्यात केवढी तरी जागा. मी चालू न करताच रेघ धरली आणि खाली ओढली. चाळीसपर्यंत. तिथे तू मला सोसवायला लागलास. चेहरा आहे हे कळत होतं, चेहऱ्याचं काय झालंय ते कळत नव्हतं. काळोखातून तुझा आवाज येत होता आणि आवाज तसाच होता, जुना. मी तशाच अवस्थेत तुझ्यावर काम केलं. खोकला कापला. तू बोलायचं थांबलास तिथे दोन ठिपके टाकले, आणि तू नको म्हणाला होतास तो फेड घातला. मला वाटलं, तुला दाखवायच्या आधी रेघ वर नेऊ.

मग तू हॉस्पिटलमधून निरोप पाठवलास. "ऐंशीतलं थोडं दाखव." मी तो एक तुकडा फाइल करून काढला. आणि सुहास, पाठवायच्या आधी मी तो तपासला होता. वीस वर्षांची सवय आहे, न तपासता काही हातातून जात नाही. मला दिसलं की रेघ खाली आहे. वर न्यायला एक बोट लागतं. पण वर नेली की पुन्हा एकदा पाहावं लागणार होतं, पूर्ण, शंभर टक्के. मी टॅबलेट पिशवीत टाकला आणि बसने निघालो.

तू उशीला टेकून बसला होतास. मीनल खाली दुकानात गेली होती. तू टॅबलेट मांडीवर घेतलास आणि पाहिलंस. मी खिडकीतून पार्किंग बघत होतो.

"एवढा विझलोय का मी?" तू विचारलंस.

मी काही बोलायच्या आधी तूच म्हणालास, "ठिपके न टाकता रेघ ओढलीस. हो ना? काकूंसारखं झालंय."

तू मला बाहेर पडायला दार उघडून धरलं होतंस. आता मला वाटतं, तुला सगळं कळलं होतं. तूच मला ती रेघ शिकवली होतीस. इतक्या वर्षांनी मी ती चूक करणार नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पण मला त्या दारातून निघून जाता येत होतं, आणि मी गेलो.

"हो," मी म्हणालो. "घाईत राहून गेलं."

"पाठवण्याआधी एकदा बघायचं असतं, मिलिंद-सान." मग काकूंच्या सुरात, पण आवाज पुरेना, "मी अजून आहे रे, मेल्या."

आपण दोघं हसलो. तुला ठसका लागला, मी पाणी दिलं. मग तू ते परत लावलंस. टॅबलेट डोळ्यांजवळ नेलास, जरा तिरका धरलास, एका कोपऱ्यात काहीतरी शोधत होतास. मला वाटलं, स्वतःला बघतोय. "मागची काच दिसत नाही यात," तू म्हणालास. मी हं म्हणालो.

शेवटी फेड आला. तू मावळत गेलास. मी म्हटलं, आता भांडेल. तू टॅबलेट परत दिलास.

"छान झालंय," तू म्हणालास. "शेवटचं तुझं तू बघ."

इतक्या वर्षांत फेडवरून तू एकदाही माघार घेतली नव्हतीस. त्या दुपारी घेतलीस, आणि मला तेव्हा बरं वाटलं. तेही सांगून टाकतो, बरं वाटलं.

त्यानंतर तू फार दिवस नव्हतास.

इथल्या दहनगृहात त्याच दिवशी अस्थी गोळा करतात, तुला ठाऊक होतंच. तुझा दादा पुण्याहून आला होता. पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस अस्थी कलशात कशा ठेवायच्या ते हळू आवाजात समजावून सांगत होता, अतिशय अदबीच्या जपानीत, आणि आमच्यापैकी मोठ्यांना ते अर्धंच कळत होतं. मग इरा पुढे झाली. तुझी इरा, जिच्या मराठीसाठी तू जीव टाकायचास, जी तुला प्रत्येक गोष्टीचं उत्तर जपानीत द्यायची. तिने त्याचं वाक्य ऐकायचं आणि मान वळवून दादाला सांगायचं, एक एक.

"पायाची आधी, म्हणतायत. मग वर वर. म्हणजे बाबा आत उलटे नाही होणार."

दादा तिच्याकडे बघत राहिला. तू असतास तर हसला असतास, आणि मग तिचं वाक्य दुरुस्त न करता तसंच जपून ठेवलं असतंस.

इथे दोघांनी मिळून एक अस्थी उचलायची असते, दोघांच्या चॉपस्टिकांनी, एकाच वेळी. जेवताना तू एकदा माझ्या काड्यांतून तुझ्या काड्यांत भजी घेतलीस तेव्हा इराने तुला केवढं दटावलं होतं. तेव्हा आपल्याला कळलं नव्हतं का ते. दादाने काड्या खाली ठेवल्या. मीनल भिंतीला धरून उभी होती. इराने मला हाक मारली, "काका, तू ये."

'तुम्ही' तिला कधी जमलं नाही. आपल्या काकूंनासुद्धा ती तू म्हणते.

मी काड्या घेतल्या. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. मी मान जरा वळवलेली होती, त्या माणसाच्या हातमोज्यांकडे बघत होतो. काडी निसटली.

"काका, बघून उचल," इरा म्हणाली. "नाहीतर पडेल."

रागाने म्हणाली नाही. पसारा आवरताना सांगावं तसं. बारा वर्षांची आहे ती, आणि तिने सगळं पाहिलं, पायापासून वरपर्यंत, एकदाही नजर न काढता. मी बघितलं. आम्ही उचललं. पडलं नाही.

पुढच्या शनिवारी, भर उजेडात, मी तो प्रोजेक्ट उघडला. तीच क्लिप. रेघ धरली आणि वर नेली, शंभरला. आणि पूर्ण पाहिली.

तू वाळला होतास, हे खरं. गालफडं वर आली होती. एवढंच होतं ते, ज्याला मी भीत होतो. बाकी सगळा तूच होतास. भुवया उडवणं, बोलता बोलता नाक खाजवणं. तू तिला सांगत होतास, "इरा, जपानीत बोललीस तरी मला कळतं. पण चिडायचं असेल तेव्हा मराठीत चिडत जा. जपानीत तुला नीट चिडता येत नाही, ती भाषा फार सभ्य आहे." आणि मधेच तू ओठ दाबून हसू आवरत होतास. अंधुक चित्रात मला तो दम लागल्यासारखा वाटला होता. मी त्याच्यावर कात्री ठेवण्याच्या बेतात होतो.

तू हसत का होतास ते मागच्या काचेत होतं. तुझ्या खांद्याच्या वर, बाल्कनीच्या दारात, इराचं प्रतिबिंब. ती फोनच्या मागे कुठेतरी उभी राहून तुला वेडावत होती. जीभ काढून, कान धरून. तू तिच्यासाठी ठेवून जायची क्लिप बोलत होतास आणि ती समोरच होती.

हेच शोधत होतास ना तू त्या दुपारी, टॅबलेट तिरका करून? ती रेघ मी तुझ्यापुरती ओढली होती, पण रेघ माणूस बघत नाही, अख्खं चित्र खाली नेते. तुझ्याबरोबर मी तिलाही विझवलं. तू शोधलंस, तुला ती सापडली नाही, आणि तू 'छान झालंय' म्हणून मला टॅबलेट परत दिलास.

 पुढे जातो.

क्लिप तू बोलायचा थांबलास तिथे संपत नव्हती. मी कधी तिथून पुढे ऐकलंच नव्हतं, त्याआधीच फेड घातला होता. पुढे काही क्षण तू नुसता बसलेला आहेस. आतून इराचा आवाज येतो, "बाबा, गोहान." म्हणजे जेवायला. तू म्हणतोस, "आलो." तुझा हात मोठा होत होत फोनकडे येतो, आणि बंद.

एवढी वर्षं भांडलास, सुहास, आणि उत्तर असं ठेवून गेलास, मी फेड घालून खाल्लेल्या तेवढ्याशा जागेत. विसर्जनाबद्दल मी अजून माझ्या मतावर आहे. बाकी तू म्हणतोस तसं.

मी फेडचे दोन्ही ठिपके पुसले. 'आलो'वर कट.

मग मी खाली उतरलो, चालत तुमच्या इमारतीपर्यंत गेलो आणि घंटी न वाजवता परत आलो. हेही लिहून ठेवतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको की मी एका सकाळीत सुधारलो. काल मात्र गेलो. मीनलने दार उघडलं. इरा आतून नवा गणवेश घालून आली, बाही लांब होती, मीनल टाके घालत होती. इराने विचारलं, "काका, बाबांचं व्हिडिओ किती झालं?"

म्हणजे तिला माहीत होतं. तू सांगून ठेवलं होतंस, किंवा फोनच्या मागे उभं राहून तिने सगळंच ऐकलं होतं.

माझ्या तोंडात ऐंशी तयार होते. मीनलकडे बघितलं. म्हटलं, "एक झालाय. बाकीचे अजून मी पाहिलेले नाहीत." मीनल सुई धरून थांबली. इतके महिने मी काय सांगत होतो ते तिने ऐकलेलं होतं. तिने तो टाका पुरा केला. मग म्हणाली, "चहा घे." घ्या नाही, घे. मला पहिल्यांदाच.

हा लेख अंकाला द्यायच्या आधी मी तिला वाचायला देणार आहे. त्यानंतर ती जे म्हणेल ते मला ऐकून घ्यायचंय, पार्किंगकडे न बघता.

तुझे आभार मानायचे राहिले: आईच्या फिल्मसाठी, तेराव्याच्या त्या 'ठेव'साठी, आणि त्या दुपारी दार उघडून धरल्याबद्दलही, जरी मी त्यातून जायला नको होतं. तुझी माफी मागायची राहिली. ती आता मागता येईल अशी जागा उरली नाही, म्हणून तिच्या जागी हे काम करतो.

तेव्हा हा शिन्चोकु. क्लायंटचा नाही, आपला. एक क्लिप शंभर टक्क्यांवर आहे, शेवटी कट. बाकीच्या सगळ्या मला बघायच्या आहेत, डोळे उघडे ठेवून, शेवटपर्यंत, तू फोन बंद करेपर्यंत. एप्रिलच्या आधी ती फिल्म इराच्या हातात द्यायची आहे. माझ्याकडून ते येणं आहे, आणि अजून दिलेलं नाही.